पापनाशमची सिस्टर

तंजावरला जाणारा मराठी माणूस बृहदीश्वराचे दर्शन घेतो, सरस्वती महालातल्या मोडी कागदांपुढे थोडा हळवा होतो आणि तडक कुंभकोणमची वाट धरतो. मधल्या पापनाशमला सहसा कोणी उतरत नाही. धबधब्याचे पापनाशम ते हे नव्हे, ते तिरुनेलवेलीकडे. हे कावेरीच्या खोऱ्यातले, भातखाचरांनी वेढलेले तालुक्याचे गाव.

आम्ही उतरलो ते आईच्या हट्टापायी. इथल्या रामलिंगस्वामींच्या देवळात १०८ शिवलिंगे आहेत. रामेश्वरहून परतताना खर-दूषणांच्या वधाचे पाप फेडायला रामाने वाळूची लिंगे केली आणि एक मारुतीने काशीहून आणले, अशी कथा सांगतात. आईने सगळी मोजायचीच असे ठरवले होते. साठापर्यंत आली आणि खांबाला टेकून खालीच बसली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, हात थरथरणारे. माझी तर बोबडीच वळली. तमिळचा एक शब्द येत नाही, कोणाला हाक मारणार?

तेवढ्यात मागून आवाज आला, "आजी, शुगरची गोळी घेतली काय? आणि खाल्लं काय?"

चक्क मराठी! मोगऱ्याचा गजरा माळलेली, पन्नाशीची एक बाई आईची नाडी धरून बसली होती. सोमवारचा उपवास आणि त्यावर सकाळची गोळी, हे आईने मला सांगितलेच नव्हते. बाईंनी कोणाला तरी पिटाळून साखरेचे पाणी आणवले, घोट घोट पाजले, शुद्धीवर आहे तोवरच तोंडाने द्यायचे हे मला बजावले. दहा-पंधरा मिनिटांत आईच्या चेहऱ्यावर रंग आला. मग बाई आम्हाला समोरच्या गल्लीतल्या घरी घेऊन गेल्या, आईपुढे इडल्या ठेवल्या आणि उपवासाचे पाप इथे लगेच धुतले जाते म्हणून हसल्या.

बाई नर्स. परळच्या एका इस्पितळात सात वर्षे, मग मस्कत, मग कोइमतूर, बंगळूर, हैदराबाद. आता करारावर सहा-सहा महिन्यांसाठी जातात आणि मधल्या दिवसांत घरी येतात. "यात फायदा काय?" आईने सरळ विचारले. बाईंनी बोटे मोजली. मस्कतला पगार चांगला, राहायची खोली आणि वर्षाला तिकीट मालकाचे, त्यातून दोन भावांचे शिक्षण आणि हे घर झाले. पण खरी कमाई हाताची, त्या म्हणाल्या. एकाच वॉर्डात जन्म काढला असता तर एकच काम आले असते. फिरल्यामुळे अतिदक्षता, डायलिसिस, बाळंतपण सगळे अंगवळणी पडले. शिवाय पाच भाषा. दुखणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत विचारले की अर्धे निदान तिथेच होते. आमच्यापुरते तरी ते खरे होते.

तोटेही त्यांनी लपवले नाहीत. राज्य बदलले की नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे कागद नव्याने. पहिल्या वेळी एका एजंटाने भरपूर पैसे घेतले आणि सांगितलेल्यापेक्षा कमी पगारावर नेऊन सोडले. अशा तक्रारी फार झाल्या. २०१४ मध्ये इराकमधल्या तिक्रितला ४६ भारतीय नर्स अडकल्या आणि सुखरूप परतल्या, तेव्हा देशभर जिवाला घोर लागला होता. २०१५ मध्ये केंद्राने आखातासह काही देशांतली नर्सभरती सरकारी संस्थांकडे सोपवली. तामिळनाडूत हे काम ओव्हरसीज मॅनपॉवर कॉर्पोरेशन पाहते. घरात कोणी मुलगी बाहेर निघाली असेल तर आधी तिथे चौकशी करावी.

"आणि मुलगी?" आईने भिंतीवरच्या फोटोकडे पाहत विचारले. बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मस्कतहून आल्या तेव्हा चार वर्षांची लेक आजीला अम्मा म्हणत होती आणि यांना अक्का. ते बदलायला दोन वर्षे लागली. आता ती स्वतः नर्सिंग शिकते आहे. तिला जाऊ देणार का, हे मी विचारले नाही.

दुपारी त्या आम्हाला तिरुप्पालैत्तुरैच्या देवळातले विटांचे गोल धान्यकोठार दाखवायला घेऊन गेल्या. नायक राजांच्या काळातले, ३,००० कलम भात मावेल एवढे. तंजावरच्या मराठ्यांनी पुढे याच मुलुखात रामेश्वरच्या वाटेवर छत्रे चालवली. सरफोजी राजांनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांची व्यवस्था सांगितली आहे: आजारी वाटसरूला वैद्य, औषध आणि पथ्याचे जेवण, वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची काळजी, तान्ह्या बाळांना दूध. आईला मी ते सांगितले. "म्हणजे आपण फुकट नाही इडल्या खाल्ल्या," ती म्हणाली.

संध्याकाळी देऊळ उघडले तसे तिने पुन्हा मोजायला घेतले, साठापासून. सिस्टर शेजारी उभ्या राहून मराठीतच मोजू लागल्या. एकोणऐंशीला मात्र दोघीही अडखळल्या आणि हसत सुटल्या.