पश्चिमेचा वारा आणि माझी सायकल

माझ्या सायकलीला घंटी आहे, कॅरियर आहे, स्टँड आहे. पुढचे मडगार्ड मात्र गेली दोन वर्षे नाही, आणि ते बसवून घेण्याची मला निकडही वाटत नाही. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल तोंडावर झेलीत, भर आषाढात हसत जाणारा मास्तर लोकांना वेडा वाटतो, हे मला ठाऊक आहे. लोकांचे फारसे चुकत असेल असेही नाही.

खानापुराहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्याने दहा किलोमीटर सायकल दामटीत शाळेत जावे आणि संध्याकाळी त्याच वाटेने परतावे, हा माझा नित्यक्रम. हा रस्ता पश्चिमेला जातो, आणि पावसाळ्यात वाराही पश्चिमेचाच. अरबी समुद्रावरून निघालेले ढग आधी गोव्यात माझ्या आईच्या घराच्या कौलांवर वाजतात, मग घाट चढताना थंड होऊन आपले उरलेसुरले ओझे चोर्ला-कणकुंबीच्या माथ्यावर टाकतात. तिथेच मलप्रभा उगम पावते आणि समुद्र इतका जवळ असता त्याच्याकडे पाठ फिरवून, खानापुरावरून पूर्वेला कृष्णेच्या भेटीस जाते. सकाळी ती खाली येत असते आणि मी वर जात असतो.

समोरून येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला की तिचा विरोध चौपट होतो, असे आमचे विज्ञानाचे शिक्षक सांगतात. मी कलाशाखेचा पदवीधर. मला ही गोष्ट पुस्तकाने नव्हे, मांड्यांनी शिकवली. झोत आला की पायडल जागच्या जागी अडते. मान हँडलवर टेकवावी, डोळे किलकिले करावे, आणि पुढचे दहा हात एवढेच आपले जग मानावे. मध्येच दाट झाडीचा टप्पा लागतो; वारा एकाएकी थांबतो आणि सायकल दावे सुटलेल्या वासरासारखी उसळते. परतीची मौज आणखी निराळी. वारा पाठीशी, आपल्याच वेगाने धावत असतो, म्हणून तो कानांना ऐकूच येत नाही. भोवती झाडे पिळवटत असतात आणि आपण मात्र एका विलक्षण शांततेत वाहत जातो! हा आनंद ज्याने घेतला नाही, त्याला तो कसा सांगावा?

(वळवाच्या दिवसांत विजा कडाडू लागल्या की मात्र मी पक्क्या घराचा आसरा गाठतो. रबरी टायर विजेपासून वाचवतात, ही समजूत साफ खोटी आहे.)

आई फोनवर दर पावसाळ्यात बजावते, "पुता, वादळांत भायर सरूं नाका." मी हसून विषय बदलतो. आणि वर्गात? वर्गात मी हे सारे रंगवून सांगत असे. "पावसाला भिऊन घरी बसतो तो सायकलस्वार कसला!" असेही एकदा ऐटीत म्हणून गेलो. मुले खूश झाली, मीही झालो.

गेल्या जुलैत रात्रभर पाऊस झोडपत होता. सकाळी मोरीअलीकडच्या उतारावर मला आठवीतला एक मुलगा रस्त्याच्या कडेला बसलेला दिसला. शेजारी सायकल, तिचे पुढचे चाक आठाच्या आकड्यासारखे मुरडलेले. कपाळावरचे रक्त पावसाने धुऊन गालावर उतरले होते आणि डावा हात त्याने उजव्या हाताने उराशी धरला होता. मला पाहताच तो म्हणाला, "सर, तुम्ही येणार हे ठाऊक होतं."

विव्हळणे मी सहन केले असते. हे वाक्य सहन झाले नाही.

मी त्याला वाऱ्याची गोष्ट सांगितली होती, ब्रेकची कधीच नाही. भिजलेल्या रिमवर रबरे सटकतात. उतार लागण्याच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलकेच दाबून पाणी पुसून घ्यावे लागते. मी हे रोज करतो. पण त्यात रंग भरण्यासारखे काही नव्हते, म्हणून ते सांगायचे राहून गेले. त्याच्या सायकलीला तर मागचा ब्रेक नव्हताच.

एका टेंपोवाल्याने आम्हांला खानापुरास नेले. हाडाला तडा होता. त्याचे वडील शेतातून तसेच भिजलेले आले. माझा दोष मी त्यांना स्वच्छ सांगितला. ते काही वेळ मुलाच्या हाताकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, तुम्ही सकाळपासून चहा घेतला नसाल." त्यांनी रागवावे, अशी माझी फार इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी आदल्या दिवसाची हकीकत आणि माझे ते ऐटीचे वाक्य, दोन्ही पुन्हा सांगितली. त्यानंतरच्या शनिवारी आम्ही पटांगणात बावीस सायकली तपासल्या; नऊंचे ब्रेक निकामी निघाले. मी अजूनही सायकलनेच येतो. ते सुटणारे नव्हे. मात्र मोरीवर पाणी आले की उतरतो, आणि मुले दिसली तर त्यांनाही उतरवतो.

प्लास्टर निघाल्यावर तो मुलगा शाळेत आला तेव्हा बाहेर पाऊस धो-धो कोसळत होता. मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"सर, आज वारा कसा होता?"

मी आधी त्याच्या ब्रेकची चौकशी केली.

"बाबांनी दोन्ही नवे बसवलेत," तो घाईघाईने म्हणाला. "वाऱ्याचं सांगा ना, सर."