खुर्द की बुद्रुक

आमच्या साप्ताहिकाच्या जुन्या फायली काढल्या की मी अग्रलेख वाचत नाही. वडिलांनी लिहिलेले, मीच जुळवलेले. मी थेट शेवटच्या पानावर जातो. तळाशी १८६७ च्या कायद्याप्रमाणे मुद्रक, प्रकाशक, संपादक म्हणून वडिलांचं एकच नाव आणि त्याच्या वर निधनवार्ता.

दर ६ जानेवारीला, पत्रकार दिनाच्या भाषणांत, बाळशास्त्री जांभेकरांचं १८३२ चं ‘दर्पण’ येतंच. यावंच. एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी, आणि हे आठ वर्षं चालवलं. पण मला आपलं वाटत राहतं, ते छापणारे हात कोणाचे होते? तालुक्याचं पत्र तरी संपादकाइतकंच खिळ्यांवर चालायचं. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरली तर केसमध्ये शेकडो खण. आमच्याकडे ‘ळ’ कायम कमी. १९७२ साली पान भरत आलं की ‘दुष्काळ’ जुळवता यायचा नाही. वडील मुकाट्याने ‘अवर्षण’ करून द्यायचे. सरकारी कागदांतही तेव्हा दुष्काळ नसायचा, ‘टंचाई’ असायची. त्यांना खिळे कमी पडत नव्हते.

छापून झालं की मजकूर सोडायचा, एकेक खिळा आपापल्या खणात. निधनवार्तेची चौकट मात्र आम्ही सोडत नसू. ‘अल्पशा आजाराने’, ‘मोठा परिवार आहे’ हे तसंच सुतळीने बांधून ठेवायचं. नाव, वय, गाव तेवढं बदलायचं. गावांत खुर्द आणि बुद्रुक फार. दोन्ही शब्द जुळवायला कटकटीचे, एकाला उकार आणि रफार, दुसऱ्याला दोन उकार आणि ‘द्र’. एका श्रावणात रात्री अकराला मी आधीच्या आठवड्याचा ‘बुद्रुक’ तसाच राहू दिला. गावाचं नाव तर तेच होतं.

पुढच्या आठवड्यात मयताचा मुलगा आला. डोक्याचे केस नुकते उतरवलेले. वडिलांनी पाणी दिलं, ते प्यायला.

“दादा, दहाव्याला निम्मे पाहुणे पलीकडच्या गावाला गेले. मधे नदी. पाणी होतं.”

एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

दोन ओळींची दुरुस्ती मीच जुळवली. मग दोन्ही शब्द दोन काड्यापेट्यांत घालून वर चिठ्ठ्या चिकटवल्या. ऑफसेट आल्यावर बाकीचे खिळे शिशाच्या भावाने किलोवर गेले. त्या काड्यापेट्या टेबलाच्या खणात आहेत. खुर्दच्या पेटीतला रफार कुठेतरी पडला.