हँडब्रेक ओढू नका!

मुलांनो, गाडी उभी केली की हँडब्रेक ओढायचा, हे तुमच्यातल्या लहानात लहान वाचकालाही ठाऊक असतं. पण लेहमध्ये, जानेवारीतल्या एखाद्या रात्री, पाहुण्याने गाडी लावून खर्रकन हँडब्रेक ओढला, तर तिथला जाणता ड्रायव्हर लगेच म्हणेल, "साहेब, आधी तो सोडा!"

असं का? चला, लडाखला जाऊनच बघू या.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. आपली दोन महाबळेश्वरं एकावर एक रचली तरी तिथवर पोचणार नाहीत! जानेवारीत रात्रीचा पारा शून्याच्या खाली १५-२० अंशांपर्यंत उतरतो. नळ गोठतात, घराघरात बुखारी नावाची शेगडी पेटते आणि शाळांना मोठी हिवाळी सुट्टी असते. (लगेच खूश होऊ नका. त्या सुट्टीत अंघोळीचं पाणी आधी वितळवावं लागतं!)

आता गाडीच्या मागच्या चाकात डोकावू. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या चाकाला पातेल्यासारखा लोखंडी ड्रम असतो. त्याच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांना ब्रेक शू म्हणतात. हँडब्रेक ओढला की एक तार ताणली जाते, शू बाहेर फाकतात आणि ड्रमला घट्ट चिकटून बसतात. चाक थांबतं.

लेहहून पँगाँग सरोवराकडे निघालात, तर वाटेत १७ हजार फुटांहून उंच चांग ला खिंड लागते. पुढे तांगत्से गावानंतर एक ओढा आहे, त्याचं नावच 'पागल नाला'! सकाळी तो गरीब असतो. दुपारी ऊन तापलं की वरचं बर्फ वितळतं आणि तो वेड्यासारखा फुगतो. अशा ओढ्यातून किंवा रस्त्यावरच्या बर्फाच्या चिखलातून गाडी गेली, की ड्रममध्ये पाणी शिरतं. संध्याकाळी मुक्कामाला पोचून हँडब्रेक ओढलात तर शू आणि ड्रम यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो. रात्री त्याचा बर्फ होतो आणि सकाळी चाक जाम! फ्रीजमधला बर्फाचा धातूचा ट्रे ओल्या हाताने धरला की बोटं कशी चिकटतात? तसंच.

मग काही उतावळे लोक जोरात गिअर टाकून गाडी ओढतात. हे फार वाईट. कधी शूवरचं अस्तर उखडून येतं. कधी एकच चाक फिरत नाही, बर्फावर फरफटतं आणि गाडी दरीकडे तिरकी होते. शू अर्धवट चिकटलेला राहिला तर चालताना तो तापतो. त्या उष्णतेने ब्रेकचं तेल उकळलं, तर खिंडीच्या उतारावर पायातला ब्रेकही दगा देतो. म्हणजे रात्री जो ब्रेक सुटत नव्हता, तोच दिवसा लागत नाही!

म्हणून लडाखी ड्रायव्हरची काळजी संध्याकाळीच सुरू होते. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर तो गाडी हळू चालवतो आणि ब्रेक अलगद दाबत राहतो. घासून घासून ड्रम गरम होतो आणि पाणी वाळतं. मग सपाट जागा शोधून गाडी उभी करायची. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. चाकांना मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे आणि हँडब्रेक मोकळा सोडायचा.

"पण दगड निसटला तर?" आमच्या चौथीच्या वर्गात एकीने विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. म्हणूनच पुढची चाकं डोंगराच्या बाजूला वळवून ठेवतात. गाडी सरकलीच, तर दरीकडे न जाता डोंगराला टेकेल.

लष्कराच्या मोठ्या ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. हवेतली वाफ थंड होऊन टाकीच्या तळाशी पाणी साचतं. ते नळीत गोठलं, तर एवढा मोठा ट्रक जागचा हलत नाही. म्हणून टाकीखालची चावी उघडून ते पाणी रोज काढून टाकतात. कंटाळवाणं काम खरं, पण माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं.

आपल्या कोकणात बर्फ नाही, पण पावसाळ्यात हँडब्रेक ओढून महिनाभर उभ्या ठेवलेल्या गाडीचंही असंच होतं. तिथे बर्फाऐवजी गंज चिकटतो. घरी गाडी असेल तर बाबांना किंवा आईला विचारा, हँडब्रेकच्या तारेवरचं आवरण फाटलेलं नाही ना? फटीतून पाणी गेलं की तार आतच अडकते. दांडी खाली येते, शू मात्र सुटत नाहीत. ब्रेकचं तेलही हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात.

आणि एवढं करूनही चाक अडकलंच तर? क्लच दाबून इंजिन सुरू करायचं, ते गरम होऊ द्यायचं. ड्रमवर हातोडीने हलकेच ठोकायचं आणि गाडी हळूच थोडी पुढे, थोडी मागे करायची. 'टक्' असा आवाज आला की समजावं, बर्फ सुटला. उकळतं पाणी मात्र ओतायचं नाही. थंडगार लोखंडाला तडा जाऊ शकतो आणि ओतलेलं पाणी पुन्हा गोठतं.

निघताना आधी सपाटीवर दोनदा ब्रेक दाबून बघायचा. आणि चाकाखालून काढलेले दगड रस्त्यात टाकून जायचं नाही हं! ते कडेला रचून ठेवायचे, रात्री येणाऱ्या गाडीला लागतात.