नांदगाव पेठेची पांदण

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या प्रत्येकाला नांदगाव पेठ ठाऊक असते. परंतु ती गाव म्हणून नव्हे, नाका म्हणून. गाडीचा वेग मंदावतो, मागच्या बाकावर डुलकी घेत असलेले कोणीतरी विचारते, "काय आले?" आणि पुढून उत्तर येते, "टोलनाका." पूर्वी सुटे पैसे शोधण्याची धांदल तरी उडत असे. आता काचेवर चिकटवलेल्या पट्टीवरून पैसे परस्पर कापले जातात. तेव्हा काच खाली करण्याचेही निमित्त उरलेले नाही. दूरवर वीजकेंद्राची धुराडी दिसतात, रस्त्याकडेला औद्योगिक वसाहतीच्या पाट्या दिसतात, आणि पुढच्या क्षणी आपण मोझरीच्या वाटेला लागलेले असतो.

मीही त्यातलाच. अमरावतीत अठरा वर्षे मराठी शिकवली, शेकडो वेळा हा नाका ओलांडला. पण जेमतेम दहा-बारा किलोमीटरवरच्या ह्या गावात कधी पाऊल टाकले नव्हते. यंदा दसऱ्याच्या सुट्टीत तो योग आला, आणि तोही एका जुन्या विद्यार्थ्याच्या दूरध्वनीमुळे. "सर, एक कागद तपासून द्यायचा आहे. मराठीतच आहे, पण आमच्याने नीट जमत नाही. घरी या ना!" मराठीच्या प्राध्यापकाला असे आमंत्रण क्वचितच येते. मी लगेच होकार दिला. सौभाग्यवती म्हणाल्या, "मीही येते. तुम्ही कागद तपासा, मी गाव पाहीन." पुढे असे घडले की, खरा कागद त्यांनीच तपासला.

पंचवटी चौकातून आम्ही निघालो. जवळच गाडगेनगर, तेथे गाडगेबाबांची समाधी आहे. रहाटगाव मागे पडले आणि काळ्या रानाला सुरुवात झाली. ह्या दिवसांत वऱ्हाडातले रान पाहण्यासारखे असते. सोयाबीन निघालेली वा निघत असलेली, तूर कमरेच्या वर गेलेली, आणि पऱ्हाटीची पहिली बोंडे उकलू लागलेली. विद्यार्थी महामार्गावर वाट पाहत उभा होता. त्याच्या मागोमाग आत वळलो, आणि दोन मिनिटांत ट्रकांचा आवाज विरून गेला. अंगणात वाळत घातलेली मिरची, ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे, बैल नसलेल्या गोठ्यात उभी मोटारसायकल. नावात 'पेठ' आहे, म्हणजे कधीकाळी आसपासची माणसे येथे बाजाराला येत असतील. आता बाजार माणसांकडे येतो, तोही जमिनीचा.

चहा झाल्यावर विद्यार्थ्याने एक नकाशा आणि एक नोटीस पुढे ठेवली. गावाच्या शिवारातील एका पट्ट्याचा उपयोग बदलायचा आणि तेथून रुंद रस्ता काढायचा, असा प्रस्ताव होता. 'बाधित व्यक्तींनी आपल्या हरकती व सूचना एका महिन्याच्या आत लेखी सादर कराव्यात,' असे खाली छापले होते. महिन्यातले सहा दिवस उरले होते.

नकाशा रंगीत होता. वस्तीसाठी पिवळा, शेतीसाठी हिरवा, कारखान्यांसाठी जांभळा. विद्यार्थ्याच्या वडिलांनी तो जमिनीवर पसरला, थोडा वेळ न्याहाळला आणि मग उचलून पाव फेरा फिरवला. मी म्हणालो, "दादा, नकाशात उत्तर वर असते." ते म्हणाले, "असंन सर. पन मी इकडून वावरात जातो." आपण ज्या वाटेने जातो तिच्याशी जुळवल्याखेरीज त्यांना तो कागद बोलत नव्हता. फिरवल्यावर मात्र त्यांचे बोट सरळ एका जागी गेले. "हा नाला. हा आमचा धुरा. अन् येथून पांदन जाते. थे पांदनच यात नाही."

पांदण म्हणजे काय, हे शहरी वाचकांना सांगायला हवे. दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमधून शेतांकडे जाणारी गाडीवाट. काळ्या मातीत एक मोठा पाऊस झाला की पाय रुततो. तेव्हा पांदण शाबूत असेल तर पीक घरी येते, नसेल तर ते वावरातच राहते. सातबाऱ्यावर जमीन तुमची असली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट गेली, तर मालकी केवळ कागदावर राहिली असे समजा!

मी नोटीस वाचू लागलो. भाषा मराठीच होती. परंतु कसली मराठी! 'संपादन' हा शब्द घ्या. माझ्या व्यवसायात संपादन म्हणजे एखाद्याचा ग्रंथ नीट करून त्याच्या हाती देणे; येथे संपादन म्हणजे एखाद्याची जमीन त्याच्या हातून काढून घेणे. 'बाधित' म्हणजे आमच्याकडे भूतबाधा झालेला. येथे ज्याचे शेत रेषेखाली आले तो. 'पोटखराब' वाचून सौभाग्यवतींना हसू आले. तो तर लागवडीला निरुपयोगी असलेल्या जमिनीचा महसुली शब्द. त्याच तुकड्यावर शेळ्या चरतात, गवत कापले जाते, सरपण मिळते. पण दप्तराच्या दृष्टीने तिचे पोट बिघडलेले ते बिघडलेलेच.

कायदा माणसांचे ऐकून घ्या असे सांगत नाही, असे मात्र नाही. आमच्या एका वकील मित्राने हे मला पूर्वीच समजावले होते. औद्योगिक विकासाच्या १९६१ च्या कायद्यात संपादनापूर्वी मालकाला आणि हितसंबंध असलेल्यांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकण्याची तरतूद आहे. नगररचनेच्या १९६६ च्या कायद्यात प्रारूप योजना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. पर्यावरणाच्या २००६ च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घालून दिली. काही प्रकल्पांना तीतून सूट आहे. निदान तीस दिवसांची सूचना, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण, आणि शेवटी इतिवृत्त लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचे, असा तिचा दंडक. गंमत म्हणजे तेथे गणसंख्येची अट नाही. श्रोता एक असला तरी सभा भरते. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याने तर खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असल्यास ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती मागितली. परंतु ही अट १९६१ च्या औद्योगिक कायद्याखालील संपादनाला लागू होत नाही. एक दार उघडते, तेव्हा शेजारचे दुसरे आधीच उघडे असते!

विद्यार्थ्याच्या वडिलांनी अशी एक सुनावणी पाहिली होती. कोणत्या कामाची आणि किती वर्षांपूर्वीची, हे येथे सांगण्याचे कारण नाही. मंडप होता, खुर्च्या होत्या, ध्वनिक्षेपक होता. "मी उठलो," ते म्हणाले, "सांगतलं का आमच्या हिरीचं पानी खाली जाईन, अन् नाल्याचं पानी अडन त पऱ्हाटी सडन. साहेबानं मान हालवली. लिहून घेतलं. मंग वाचून दाखोलं त म्हने, 'पाण्याबाबत चिंता व्यक्त केली.' चिंता त रोजचीच हाये, सर. मी पानी कोठून येते थे सांगत होतो!"

पाण्याचे नाव निघाल्यावर ते थांबेनात. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ ऊर्ध्व वर्धा धरण आहे. तेथील पाणी नांदगाव पेठेच्या १,३५० मेगावॉटच्या वीजकेंद्राला देण्याचे ठरले, तेव्हा सिंचनाचे पाणी कारखान्याला का, म्हणून सारा जिल्हा तापला होता. पाण्याचे नियमन करण्यासाठी २००५ साली स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला होता. परंतु २०११ च्या दुरुस्तीने शेती, पिणे आणि उद्योग यांतील वाटपाचा निर्णय मंत्रिमंडळाकडे गेला, आणि आधी उच्चाधिकार समितीने केलेली वाटपेही वैध ठरवली गेली. ज्यांच्या जमिनी ह्याच धरणासाठी गेल्या, त्यांच्यापैकी काहींनी तर २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईला जाऊन मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. वाढीव मोबदल्याची त्यांची मागणी जुनीच होती. सांगून कोणी ऐकले नाही, की माणसे अशा रीतीने बोलू लागतात.

"मग कारखाने नकोत, असे लिहू या का?" मी विचारले.

दादा माझ्याकडे पाहतच राहिले. "कारखाना नोको असं कोन म्हनलं, सर? माह्या पुतन्या तेथंच कामाले जाते."

हे उत्तर मला पुढे बराच वेळ पुरले. वऱ्हाडचा कापूस शेकडो मैल दूर जाऊन कापड होतो, आणि तेच कापड आपण अमरावतीच्या दुकानांत विकत घेतो, हे दुखणे पिढ्यान्‌पिढ्यांचे. म्हणूनच वस्त्रोद्योगाच्या सात मोठ्या उद्यानांत २०२३ साली अमरावतीचे नाव आले, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या समारंभात एक हजार एकरांच्या ह्या उद्यानाची कोनशिला बसली, तेव्हा येथल्या घरांत आनंदच झाला. घरातला मुलगा वावरात नको, कारखान्यात जावा, असे म्हणणाऱ्या आया ह्या गावातही आहेत. त्यांना विकास हवा आहे. त्यांचे म्हणणे एवढेच, की पांदण कोठे जाईल हे आम्हालाही विचारा.

मी लेखणी उघडली. दादा सांगत गेले, मी लिहीत गेलो. आणि नकळत माझ्यातला मास्तर जागा झाला. 'धुरा' खोडून मी 'बांध' केले. 'पांदण' खोडून 'शेतरस्ता'. 'पऱ्हाटी सडन' याचे 'कापूस पिकाचे नुकसान संभवते.' पान भरले, वाचून दाखवले. सगळे व्याकरणशुद्ध! दादांनी मान हलवली, पण ती समजल्याची नव्हती. ज्या साहेबांनी 'चिंता व्यक्त केली' असे लिहिले, त्यांचेच काम मी पुढे चालवत होतो.

इतक्यात आतून सौभाग्यवती आल्या. त्या मघापासून स्वयंपाकघरात विद्यार्थ्याच्या आईजवळ बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही ह्यांना विचारले का?" कोणाला? "काकूंना. नाल्याचे पाणी कुठे साचते ते त्यांना ठाऊक आहे. दादांना नाही."

काकू दाराशी उभ्या होत्या. पदर सावरून हळूच म्हणाल्या, "पेरायले हे जाते, बाई. निंदाले आमीच असतो. चाळीस वर्सं झाले. आखाडात त्या बोरीच्या खाली गुडघाभर पानी रायते, आठ-आठ दिवस. तेथं रस्त्याचा भराव टाकला त पानी कोठी जाईन? आमच्याच वावरात येईन ना!" मग सुनावणीच्या वेळी का नाही सांगितले? "मले कोन बलावलं? माह्यं नाव थोडीच हाये सातबाऱ्यावर!"

खोलीत कोणीच बोलले नाही. बायकांची नावे सातबाऱ्यावर यावीत म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली, हे मी वर्गात मुलांना सांगत आलो आहे. ती लक्ष्मी ह्या दारात उभी होती, आणि तिच्या नावावर गुंठाही नव्हता. तिच्याबरोबर निंदणाऱ्या मजूर बायांचे आणि पोटखराबात शेळ्या चारणाऱ्यांचे तर नावही कोणाच्या डोक्यात आले नव्हते. नोटीस मालकाच्या नावे निघते; जमीन ज्यांना पाठ असते त्यांच्या नावे ती निघतेच असे नाही.

रायगड जिल्ह्यात २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण परिसरातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही, यावर शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला होता. सरकारने लोकांना असे गावोगाव विचारावे, ही घटना विरळाच. त्या कौलाचा निकाल काही रीतसर जाहीर झाला नाही. तो प्रकल्पही उभा राहिला नाही. पण तेथेही प्रश्न जमीनधारकालाच होता.

मला एकाएकी सकाळी वाटेत लागलेले गाडगेनगर आठवले. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. ते श्रोत्यांना विचारीत, उत्तर येईपर्यंत थांबत, पुन्हा विचारीत. आणि सारे वऱ्हाडी बोलीत. निरक्षर माणसालाही आपल्याला उत्तर देता येते, हे त्या मैदानात कळत असे. त्यांना कोणी जनसुनावणीचे अध्यक्ष नेमले असते, तर ते आधी मागे बसलेल्या बायांकडे वळले असते, असे मला राहून राहून वाटते.

आपल्या भाषेत 'ऐकणे' ह्या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. कानांवर पडणे हा एक. आणि 'पोरगा माझे ऐकतो' म्हणताना आपण वापरतो तो दुसरा. सुनावणीचा कायदा पहिल्या अर्थाची हमी देतो. मंडपात येऊन उभा राहिलेला माणूस दुसऱ्या अर्थाच्या आशेने आलेला असतो.

मी पान फाडले आणि नवे घेतले. पांदण 'पांदण' राहिली, धुरा 'धुरा' राहिला. पहिल्या क्रमांकावर काकूंचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत घातले : बोरीच्या खाली, आखाडात, गुडघाभर पाणी, आठ दिवस. विद्यार्थ्याने बाजूला नकाशा काढला. काकूंनी आधी बोट ठेवले तेथे फुली मारली. वाचून दाखवले तेव्हा दादा मध्येच म्हणाले, "हा, आता झालं! हेच म्हनत होतो मी." त्यांनी सही केली. काकूंनी आधी आढेवेढे घेतले. मग शाळेत शिकलेली अक्षरे एकेक करून नाव लिहिले. त्यांच्या शेजारी आणखी दोन बायांचे अंगठे उमटले. निंदणाच्या सोबतीणी म्हणून काकूंनीच त्यांना हाक मारून आणले होते.

निघताना काकूंनी पिशवीभर सीताफळे दिली. परतताना दिवस कलला होता. महामार्गाला लागल्यावर मी मागे वळून पाहिले. धुराडी दिसली, वसाहतीचे दिवे लागलेले दिसले, पांदण मात्र कोठे दिसेना. सौभाग्यवतींनी मांडीवरच्या पिशवीतले एक सीताफळ दाबून पाहिले आणि विचारले, "सहा दिवसांत पोहोचेल ना हो तो कागद?"

"उद्याच देतो म्हणाला," मी सांगितले, "आणि पोच घेऊन ठेव म्हणून बजावले आहे."