समासातली खूण



चाळीस वर्षे कीर्तन केले. पुढे घसा बसला, चाल वर उचलेना, तेव्हा सप्ताहांना हात जोडले आणि शिरूर सोडून मुलाकडे दौंडला आलो. रिकामे बसवेना म्हणून स्टेशनच्या रस्त्याला एक टपरी घेतली. तिथे जुनी पुस्तके विकतो. आज सत्तरी ओलांडून चार वर्षे झाली.

हा धंदा मनाला कुठल्या कुठे नेतो. दौंड हे रेल्वेचे गाव. कुणाची बदली झाली की घर आवरले जाते आणि पुस्तके माझ्याकडे येतात. एका निवृत्त गार्डाच्या घरून नियमांची पुस्तके आली, तेव्हा महिनाभर मी सिग्नलचे नियमच वाचत होतो. मग उसावरच्या लोकरी माव्याचे पुस्तक आले, तर गिऱ्हाईक येईपर्यंत तोच अभ्यास. पुस्तक विकले की नाद सुटतो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला मुक्कामी येते, त्या दिवशी पिशवी घेऊन तिथे जातो. खिशात मावणारे हरिपाठ तेवढे खपतात. चालणाऱ्याला ओझे कशाला?

एक खोड मात्र मला होती. पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा दिसल्या की खोडरबर घ्यायचा. पान कोरे दिसले की गिऱ्हाईक चार रुपये जास्त देते. वर मनाशी नाथमहाराजांचा दाखलाही देत असे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये. पुढे नकला होता होता पाठ बिघडले, ते नाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून शुद्ध केले. मग मी पाने स्वच्छ करतो त्यात काय वावगे?

गेल्या कार्तिकात शिरूरच्या रद्दीवाल्याचा निरोप आला, "बुवा, पोथ्यांचे पोते आलेय." चौफुला, न्हावरा करीत एसटीने गेलो. किलोच्या भावाने पोते घेतले. घरी येऊन सोडले, तर वरच गाथा. पुठ्ठ्याच्या आत नाव वाचले आणि हात थांबला.

ते आमच्याच पंचक्रोशीतले कीर्तनकार. तीस वर्षांपूर्वी घोड नदीकाठच्या एका गावी सप्ताहात त्यांनी एका अभंगाच्या शेवटच्या चरणाचा अर्थ लावला. दुसऱ्या रात्री माझी सेवा होती. मी मुद्दाम तोच अभंग घेतला आणि भर सभेत त्यांचा अर्थ खोडून काढला. लोक हसले. ते समोर टाळकऱ्यांत उभे होते. पुढे भेट झाली की आम्ही एकमेकांच्या पाया पडत असू, कारण तशी रीत आहे. पण बोललो कधी नाही. आता ते वैकुंठवासी झाले.

तो अभंग काढला. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते, "असाही अर्थ लागतो. बुवांना निवांत विचारावे."

माउली, ते विचारणे राहूनच गेले. माझ्या दारात यायला मी त्यांना जागाच ठेवली नव्हती. आणि खरे सांगू? त्यांचा अर्थ मला आदल्या रात्री ऐकतानाच पटला होता. लोकांच्या हशापुढे तो कबूल करवला नाही.

खोडरबर जवळच होता, तो उचलवला नाही. नाथांनी काढले ते नकलाकारांचे प्रमाद. मी आजवर पुसत आलो ती वाचणाऱ्यांची तळमळ.

महिन्याभराने आळंदीला शिकणारा एक विद्यार्थी गाथा मागत आला. द्यायला जीव होईना. पण पेटीत बंद ठेवून ती कुणाच्या कामाची? त्या खुणेखाली शाईने लिहिले, "महाराज, तुमचा अर्थ बरोबर होता. सांगायला उशीर झाला, क्षमा असावी." मग पुस्तक दिले. पैसेही घेतले, धंदा आहे.

तुमच्याही दिंडीत असे कुणी असेल, ज्याच्या पाया पडता पण ज्याच्याशी बोलत नाही. यंदाच्या वारीआधी त्याच्या घरी जाऊन या. पाया पडणे रीतीने होतेच. दोन शब्द मात्र आपल्यालाच बोलावे लागतात.