तांब्याचा हंडा आणि खाऱ्या पाण्याची टाकी

तांब्याच्या हंड्यातलं पाणी चांगलं, हे आपल्या घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्या घरी तर तांब्या-पितळेशी नातं पोटापाण्याचं होतं. माझे आजेसासरे कल्हई करायचे. भाता, कथील आणि नवसागर घेऊन ते गगनबावड्याच्या आसपासच्या वाड्यांवर फिरत. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, कारण आंबट आणि खारट पदार्थ धातूला खातात. म्हणून मध्ये कथलाचा पातळ थर द्यायचा. कल्हईमागचं शास्त्र एवढंच.

माझ्या लेकीनं घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तेव्हा हेच शास्त्र पुन्हा समोर आलं. ती दहावीत आहे. तिच्या मामूनं मुंबईहून कुणाची तरी वापरलेली टाकी आणून दिली, वाळू आणि दगडांसकट. त्यात तिनं नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या विदूषक माशांची जोडी, दोन लहान कोळंब्या आणि काही गोगलगायी सोडल्या. हे मासे पाळणुकीत वाढवलेले मिळतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं तंत्र आपल्याकडे विकसित केलं आहे. प्रवाळ मात्र घेतले नाहीत. आपल्या समुद्रातल्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते काढून घरी आणता येत नाहीत.

मासे मजेत होते. कोळंब्या दुसऱ्याच दिवशी उलट्या पडल्या. पुन्हा आणल्या, त्याही गेल्या. मग गोगलगायी. घरात हळूच बोललं जाऊ लागलं, की पाणी हंड्यातलं तर नव्हतं? अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, काही बोलल्या नाहीत. त्यांनी हंडा रिकामा करून माळ्यावर ठेवायला काढला. तो त्यांच्या सासऱ्यांच्या हातचा कल्हई केलेला हंडा. लेक वेगळ्याच कोपऱ्यात बसून म्हणत होती, माझ्याच हातून मेल्या.

गंमत अशी, की कोळंबीच्या रक्तातच तांबं असतं. आपल्या रक्तात प्राणवायू वाहायला लोह लागतं, तिच्या रक्तात ते काम तांबं करतं. म्हणून तिचं रक्त निळसर. तरीही पाण्यात विरघळलेलं तांबं तिला मारतं. आपल्या पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं लिटरमागे २ मिलीग्रॅम तांब्याची मर्यादा सांगितली आहे. समुद्री माशांच्या अंगावर पांढरे ठिपके पडले की औषध म्हणून तांबं देतात, ते लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२० मिलीग्रॅम. म्हणजे आपल्या मर्यादेच्या एकदशांश. तेवढ्यात मासा बरा होतो, कोळंबी मरते.

मी लेकीला म्हटलं, आधी मोजू, मग कुणाला दोष देऊ. तांबं तपासायच्या थेंबांची छोटी बाटली मागवली. गाळणयंत्राच्या पाण्याला रंग आला नाही. टाकीच्या पाण्याला आला. मग प्लास्टिकच्या स्वच्छ बादलीत नवं खारं पाणी करून त्यात टाकीतली वाळू आणि दगड चार दिवस भिजवले. त्यालाही रंग आला. मामूनं ज्याच्याकडून टाकी घेतली होती त्याला फोन केला. तो म्हणाला, हो, मासे आजारी पडले होते, निळं औषध घातलं होतं. चुनखडीचे दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि नंतर थोडं थोडं सोडत राहतात. अम्मींचा हंडा पुन्हा ओट्यावर आला.

टाकीतलं तांबं काढणं सोपं नाही. चौथाई पाणी चार वेळा बदललं, तरी मूळ तांब्याचा जवळपास एक तृतीयांश उरतो, आणि दगडातून नवं येतच राहतं. आम्ही वाळू, दगड, स्पंज सगळं काढून टाकलं आणि लहानशी नवी टाकी घेतली.

तेव्हापासून लेकीनं काही नियम केले आहेत. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात स्टीलही गंजतं, म्हणून झाकणाचे स्क्रू, पाइपच्या पकडी, चिमटे सगळं प्लास्टिकचं. पंपातल्या चुंबकाचं आवरण तडकलं आहे का, हे दर महिन्याला बघायचं. पितळी नळात रात्रभर उभं राहिलेलं पाणी आधी सोडून द्यायचं, मग गाळणयंत्र भरायचं. टाकीची बादली वेगळी, तिच्यात दुसरं काही नाही. जुनी वस्तू घेताना पहिला प्रश्न, यात औषध घातलं होतं का?

शेजारी विचारतात, जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस आपल्याकडे, मग पाणी गाळायचं कशाला? पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, आणि आपल्याकडे ते जस्त चढवलेल्या पत्र्यांवरून पन्हळीत येतं. येताना जस्त सोबत आणतं. ते टाकीसाठी चालत नाही.

घरात आम्ही गंजाला जंग म्हणतो आणि लढाईलाही जंग. उर्दूत दोन्हींची पहिली अक्षरं वेगळी, देवनागरीत मात्र फरक दिसत नाही. लेक हसून म्हणते, माझी दोन्हींशी जंग चालू आहे.

अम्मी हल्ली टाकीजवळ जाताना हातातल्या अंगठ्या काढून ठेवतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. जो जीव आपल्या हवाली आहे, त्याला काय सोसतं ते आपणच विचारून घ्यायचं असतं. तो सांगायला येत नाही. नव्या टाकीत कोळंब्या आणून आता चार महिने होतील. परवा एकीनं कात टाकली, तेव्हा लेकीनं मला पहाटे उठवून दाखवली.