ओळीच्या शेवटचा शब्द

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि 'नाही' त्याच्याही मागून. कोण, कुठं, कधी हे सगळं सांगून झाल्यावर मग कळतं, घडणार आहे की नाही ते. म्हणून मराठी पत्राची उजवी कड कापली गेली तर जातं ते नेमकं मोलाचं.

धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला आहे. त्याची मेल येते ती नुसत्या मजकुराची. भर समुद्रात उपग्रहावरून पाठवायचं तर रंग नि चित्रं परवडत नाहीत. बाबा मोबाइलवर वाचत नाहीत. आयुष्य थळच्या किनाऱ्यावर होडी लोटण्यात गेलं, डोळ्यांना पाण्याची नि उन्हाची तिरीप बसलेली. त्यांना कागद लागतो. ओटीवर बसायचं, समोर खांदेरीचं बेट, आणि उजव्या हाताची तर्जनी ओळीखालून सरकवत वाचायचं. जाळं शिवून शिवून त्या बोटाच्या पेराला घट्टा पडलाय. तो कागदावरून खरखर आवाज करत जातो आणि ओळीच्या टोकाला पोचला की क्षणभर थांबतो.

एका वर्षी मार्गशीर्षात आलेली मेल मी ब्राउझरमधूनच छापली. पडद्यावर सगळं नीट दिसत होतं. छापलेल्या पानावर प्रत्येक ओळीच्या शेवटचे एक-दोन शब्द नव्हते. घाईत मी पाहिलं नाही आणि बाबांनी अंदाजानं भर घालत वाचलं. एक ओळ मात्र अशी होती की तिला अंदाजाची गरजच पडली नाही: 'पुढच्या महिन्यात मी घरी येणार'. बाबांनी आईला हाक मारली, "पोर येनार हाय पुढच्या म्हयन्यान." आईनं वलांडीवरचे बोंबील उतरवून त्यातले चांगले निवडून वेगळे बांधले, आतली खोली सारवली, तांदूळ पाखडून ठेवले. वीस दिवसांनी मी ती मेल पुन्हा उघडली तेव्हा पडद्याच्या उजव्या कडेला 'नाही' तसाच बसलेला होता.

आईनं बोंबलांची गाठ सोडली नाही. मला अजून ती गाठ दिसते.

त्यानंतर मी हे प्रकरण मुळापासून समजून घेतलं. मजकूर जशा ओळींत आला तशाच ओळींत दाखवायचा, मोडायचा नाही, असं मेल दाखवणाऱ्या पानाला काही वेळा सांगून ठेवलेलं असतं. पडद्यावर लांब ओळ सरकवून पाहता येते. कागद सरकत नाही. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद, त्यापुढचं सगळं वाऱ्यावर.

ओळीची लांबी ठरली ती आपल्या कुणाच्या बोटावरून नव्हे. १९२८ मध्ये आयबीएमनं ८० रकान्यांचं छिद्रपत्र आणलं, पुढं संगणकाचे पडदेही ८० अक्षरांचे झाले. ई-मेलचा नियम सांगतो की ओळ ७८ अक्षरांच्या आत असावी, ९९८च्या पुढं तर जाऊच नये. मग पाठवणारा प्रोग्रॅम आपल्या मापानं ओळ मोडतो, छापणारा आपल्या मापानं पुन्हा मोडतो, आणि कागदावर एक लांब ओळ, खाली एकटा शब्द, पुन्हा लांब ओळ, पुन्हा एकटा शब्द अशी दातपडकी कवळी उमटते. उत्तराला उत्तर दिलेलं असेल तर दर खेपेला डावीकडं बाणाचं एक चिन्ह वाढतं आणि ओळ आणखी उजवीकडं रेटली जाते.

आपल्या अक्षरांची वाट तर याहून अवघड. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. मेल पाठवायच्या एका पद्धतीत प्रत्येक बाइटसाठी तीन खुणा लिहिल्या जातात, म्हणजे एका चिन्हाला नऊ. न, काना, ह, दीर्घ वेलांटी: 'नाही' हा एवढासा शब्द वाटेत ३६ खुणांचा होतो. तिथं ओळीला मर्यादा ७६ची. आठ चिन्हं पुरी मावतात, नवव्याचा एक तृतीयांश तुकडाही मावतो आणि शेवटी बरोबरचं चिन्ह (=) येतं: ओळ संपलेली नाही, पुढची जोडून घ्या. म्हणजे अक्षर प्रवासात मधोमध तुटतं आणि पोचल्यावर सांधलं जातं. २००४च्या एका नियमात तर ओळीच्या टोकाला मोकळी जागा सोडली की तीच खूण, पुढं अजून आहे. डोळ्यांना न दिसणारी ही जागा मला फार आवडते.

मोडी लिपीत ओळीच्या टोकाचा हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवलेला होता. आधी कागदभर शिरोरेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं. दोन शब्दांत फट नाही. कान्होजी आंग्रे यांच्या काळचा लेखक कागद संपला की शब्द जिथं असेल तिथं सोडून खाली यायचा. वाचणाराही तसाच तयार होता. कड ही कागदाची होती, मजकुराची नव्हती.

उपाय सोपे वाटतात. 'पानात बसवा' म्हटलं की अक्षर बारीक होतं आणि बाबांना दिसत नाही. कागद आडवा घातला की ओळ इतकी लांबते की बोट परत येताना एक ओळ खाली उतरतं. मेलमधलं छपाईचं स्वतःचं बटण पुष्कळदा काम करतं, कारण ते मजकूर वेगळ्या पानावर काढून देतं. पण भावाच्या पत्रासाठी मी आता एकच रीत धरली आहे. सगळा मजकूर साध्या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घेते. परिच्छेदांमधल्या दुहेरी एंटरच्या जागी कुठंही न येणारी खूण, समजा चार चांदण्या, घालते. मग उरलेले एकेरी एंटर काढून तिथं एकेक मोकळी जागा. शेवटी चांदण्या काढून परिच्छेद परत. अक्षर १८ पॉइंट, दोन्ही कडांना अंगठ्याएवढा समास. ओळी आखूड पडतात, कागद दोनाचे चार लागतात. लागू देत.

आणि छापून झालं की पडद्याशेजारी धरून प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द ताडून पाहते.

या फाल्गुनात पत्र आलं. बाबांनी कागद घेतला, वाचायच्या आधी उजव्या समासावरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला. कोरा, सगळीकडं सारखा. "यो पान पुरा हाय ना?" "हो बाबा, पुरा." मग बोट सरकू लागलं. तिसऱ्या परिच्छेदात ओळीच्या टोकाशी थांबलं, खालच्या ओळीच्या आरंभाला जाऊन पाहून आलं आणि पुन्हा त्याच शब्दावर टेकलं.

वाडीकडच्या दाराला तोंड करून त्यांनी आईला हाक मारली.